मुक्या पात्रांचे दप्तर

जयपूरला बदलून आलेल्या मराठी माणसाकडे पाहुणे आले, की एक सकाळ आंबेरच्या किल्ल्यासाठी राखून ठेवावीच लागते. रंगविलेल्या सोंडा, भरजरी झुली आणि चढणीवरून संथपणे सरकणारी हत्तींची रांग पाहून एखादा पाहुणा हटकून म्हणतो, "हे तर सिनेमात पाहिल्यासारखे वाटते!" त्याचे म्हणणे खोटे नसते. राजस्थानच्या हत्ती, उंट व घोड्यांनी हिंदी चित्रपटांना मोठे वैभव पुरविले आहे. परंतु त्या मोबदल्यात या मुक्या पात्रांच्या वाट्याला काय आले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

या चौकशीत १९६० हे साल विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी ५ ऑगस्टला के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम' प्रदर्शित झाला. पिता-पुत्रांच्या युद्धप्रसंगासाठी २,००० उंट, ४०० घोडे आणि ८,००० शिपाई उभे केले होते व त्यांतील बरेचसे शिपाई लष्कराच्या जयपूर घोडदळातले होते, असे सांगतात. त्या वाळूत चिलखत घालून वावरताना उन्हाने कसा जीव घेतला, हे दिलीपकुमार यांनी पुढे सांगितले. उंटघोड्यांची हकीकत सांगणारा कोणी नव्हता. त्याच वर्षी २६ डिसेंबरला प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. चित्रपट आणि कायदा एकाच वर्षी लोकांपुढे आले खरे, पण त्या दोघांची गाठ पडण्यास पुढे चाळीसांहून अधिक वर्षे लागली.

हा प्रश्न काही आपल्याच देशात उद्भवला असे नाही. १९३६ साली हॉलिवूडमध्ये 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' या चित्रपटासाठी भरधाव घोड्यांना पायांत तारा अडकवून पाडण्यात आले. त्यात अनेक घोडे जायबंदी झाले, काही मेले. इंग्लंडने १९३७ मध्ये कायदाच केला, की ज्या चित्रपटाच्या निर्मितीत प्राण्याला क्रूरपणे वेदना दिल्या असतील, तो दाखविता येणार नाही. पुढे १९३९ च्या 'जेसी जेम्स'साठी घोड्याला कड्यावरून लोटल्याने अमेरिकेत गहजब झाला आणि दुसऱ्याच वर्षी 'अमेरिकन ह्यूमेन' या संस्थेची देखरेख सुरू झाली. मात्र १९६६ साली जुनी आचारसंहिता राबविणारे कार्यालय बंद होताच या देखरेखीचा आधारही गेला, तो १९८० नंतरच पुन्हा लाभला. कागदावरचे बंधन सुटले की दयाही सुटते, एवढा धडा यातून घेण्यासारखा आहे.

आपल्या मराठी चित्रसृष्टीचा आरंभ या बाबतीत मोठा निरुपद्रवी होता. दादासाहेब फाळके यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) मधील कालिया हा कृत्रिम सर्प होता. त्याच्याशी झुंजणाऱ्या बालकृष्णाचे काम त्यांची कन्या मंदाकिनी हिने केले. पण प्रेक्षकाला खऱ्याची गोडी अधिक. 'प्रभात'च्या 'माया मच्छिंद्र' (१९३२) मध्ये दुर्गाबाई खोटे यांच्या राणीजवळ जिवंत चित्ता दिसला. शांतारामबापूंच्या 'नवरंग' (१९५९) मधील हत्तीचे नृत्य तर आमच्या पिढीने टाळ्या वाजवून पाहिले. तो हत्ती कसा शिकला असेल, हा प्रश्न त्या वेळी आमच्या मनाला शिवला नाही, हे कबूल केले पाहिजे.

तो प्रश्न ज्यांना पडला त्यांत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे नाव अग्रभागी आहे. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या विदुषी १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झाल्या. १८९० चा जुना कायदा अपुरा आहे हे ओळखून त्यांनी खासगी विधेयक मांडले. सरकार स्वतःच विधेयक आणील, असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. १९६० चा कायदा हे त्याचेच फळ होय. १९६२ मध्ये प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच झाल्या.

तथापि कायद्यात दोन उणिवा होत्या. पहिली शिक्षेची. क्रूरतेच्या पहिल्या अपराधास १० ते ५० रुपये दंड, आणि हा आकडा साठ वर्षे उलटल्यावरही तसाच होता. दुसरी व्याख्येची. खेळ करणाऱ्या प्राण्यांची नोंदणी आवश्यक ठरली, पण 'खेळ' म्हणजे तिकीट काढून लोक जेथे येतात अशी करमणूक. सर्कशीचा सिंह त्यात सरळ बसे. परंतु चित्रपटात तिकीट पुण्यात फाटते आणि घोडा कित्येक महिन्यांपूर्वी राजस्थानात पडलेला असतो! ही फट २००१ च्या नियमांनी बुजविली. त्यांत करमणुकीच्या व्याख्येत चित्रपटाचा स्पष्ट समावेश झाला. चित्रीकरणापूर्वी प्राण्याचे वय, प्रकृती व त्याने करावयाचे काम यांची माहिती कळविणे भाग पडले. घोड्यांना पाडण्यासाठी तारा वा खड्डे योजण्यास मनाई झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ मधील आदेशानंतर मंडळाच्या ना-हरकत पत्रावाचून चित्रपटाला प्रमाणपत्र मिळणे दुरापास्त झाले. 'रंग दे बसंती' (२००६) मधील घोड्यांच्या दृश्याला याच कारणाने कात्री लागली.

आता पुन्हा जयपूरकडे वळू. १९८० साली क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाईंनी येथे 'हेल्प इन सफरिंग' ही संस्था काढली. उंटांच्या जखमा धुणे, त्यांना औषधपाणी करणे हे काम ती करीत आली आहे. आंबेरजवळ हत्ती व माहूत यांच्यासाठी राहुल मेहरोत्रा यांच्या आराखड्यानुसार 'हाथीगाव' वसले. तेथील माहूत आणि हत्ती यांचा संसार एकच. त्यामुळे चित्रीकरणाचे काम बंद करा, असे म्हणणे सोपे असले तरी त्या माहुताच्या चुलीचाही विचार व्हावयास हवा. दुसरीकडे 'बाहुबली' (२०१५) मधील झुंजणारा रेडा संगणकाने घडविला. फाळक्यांचा कृत्रिम कालियाच जणू शतकाने परत आला. पण संगणकाचा खर्च परवडत नाही तेथे खरा प्राणीच भाड्याने येतो, आणि तेथेच नियमांची कसोटी लागते.

लष्कराच्या घोड्याला क्रमांक असतो, त्याच्यासाठी नेमलेला पशुवैद्य असतो. भाड्याच्या उंटासाठी असते ती एक अर्जाची प्रत आणि प्रकृतीचा दाखला. हा उंट खरोखरच धडधाकट आहे काय, हे पाहूनच सही झाली तर ती त्याची ढाल. न पाहता झाली तर तीच त्याचा गळफास. या नियतकालिकाचे पुष्कळसे वाचक सह्या करण्याच्या खुर्चीवर बसणारे आहेत. टेबलावर असला कागद कधी आला, तर सही करण्यापूर्वी एकवार उठून बाहेर उभा असलेला उंट पाहून यावे. आपली फिर्याद त्याला लिहिता येत नाही; त्याच्या वतीने बोलणारा तेवढा एकच कागद असतो.