प्राथमिक आरोग्यसेवा आणि व्यवसायोपचार : जामखेड प्रकल्पाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

व्यवसायोपचार ही वैद्यकक्षेत्रातील तुलनेने तरुण शाखा होय. आजार, अपघात किंवा जन्मजात व्यंग यांमुळे माणसाचे दैनंदिन व्यवहार खंडित होतात. आंघोळ, जेवण, स्वयंपाक, शेतीकाम, शाळा, बाजारहाट असे हे व्यवहार पुन्हा त्याच्या हाती यावेत यासाठी कृतीचाच उपचार म्हणून उपयोग करणे हे या शाखेचे मूलसूत्र आहे. म्हणून येथे 'व्यवसाय' या शब्दाचा अर्थ केवळ उपजीविका असा नसून माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सर्व कामे असा व्यापक आहे. ही कामे घरात, शेतात आणि गावात होतात. उपचाराची शाखा मात्र शहरातील रुग्णालयात वाढली. हे अंतर कसे निर्माण झाले आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथील प्रयोगाने ते कितपत भरून काढले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शाखेचा उगम आणि भारतातील आगमन :

व्यवसायोपचाराची पहिली राष्ट्रीय संघटना १९१७ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनामुळे या शाखेला चालना मिळाली. भारतात तिचा पाया घातला तो कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि विवाहानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातील पहिले व्यवसायोपचार प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना अस्तित्वात आली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक सदस्य देशांत भारताचा समावेश होता. नवस्वतंत्र राष्ट्राच्या दृष्टीने ही गोष्ट अभिमानास्पद होती. तथापि विद्यालय रुग्णालयाशी जोडलेले असल्याने प्रशिक्षित तज्ज्ञही प्रामुख्याने मोठ्या शहरांतील रुग्णालयांतच राहिले. दुष्काळी तालुक्यातील अपंग व्यक्तीपर्यंत ही विद्या पोहोचण्याचा मार्ग तयार झाला नाही.

जामखेडचा प्रयोग :

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर दांपत्य. १९६० च्या दशकात त्यांनी याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. रुग्ण बरा होऊन गावी जातो आणि त्याच कारणाने पुन्हा आजारी होऊन परत येतो, हा तेथील अनुभव त्यांच्या पुढील विचारास कारणीभूत ठरला. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर १९७० मध्ये त्यांनी जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांमार्फत गावोगाव सेवा देण्याचा विचार होता. परंतु खेड्यात राहून काम करण्यास त्या फारशा राजी नव्हत्या. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रीला ग्राम आरोग्य कार्यकर्ती म्हणून तयार करण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. यांतील अनेक जणी निरक्षर आणि दलित समाजातील होत्या. त्या नियमितपणे जामखेडला एकत्र येत, अनुभव सांगत, नवे शिकत आणि गावी परतून ते इतरांना शिकवत. त्यांच्या जोडीला शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी राहिली. १९७१ मध्ये प्रकल्पक्षेत्रात दर हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९९० च्या दशकात तीसच्या खाली आला. या कार्यासाठी आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला.

जामखेडची ओळख सामान्यतः माता-बाल आरोग्याच्या संदर्भात करून दिली जाते. पुनर्वसनाची बाजू त्यामानाने दुर्लक्षित राहिली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे.

कुष्ठरोग, कृत्रिम पाय आणि दैनंदिन काम :

कुष्ठरोगात चेतातंतूंना इजा होऊन हातापायांची संवेदना जाते आणि स्नायू दुर्बल होतात. कोपराजवळील चेतातंतू बाधित झाल्यास करंगळी व अनामिका वाकड्या होतात. तव्यावरची भाकरी उलटताना बोट भाजले तरी कळत नाही. खुरप्याच्या मुठीने तळहाताला घट्टा पडून जखम होते. अनवाणी चालताना रुतलेला काटा दिवसभर तसाच राहतो. औषधाने जंतू नष्ट होतात, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणून रोज हातपाय पाण्यात भिजवून तेल लावणे, जखम आहे का ते पाहणे, भांडे फडक्याने वा सांडशीने धरणे, अवजाराची मूठ जाड व मऊ करणे, मऊ रबराच्या तळव्याची चप्पल वापरणे या गोष्टी आयुष्यभर कराव्या लागतात. नेमके हेच व्यवसायोपचाराचे क्षेत्र आहे.

जामखेड प्रकल्पाने कुष्ठरोग्यांना वेगळे न काढता त्यांची सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेतच समाविष्ट केली. संवेदनाहीन चट्टा ओळखणे, औषध नियमित घेतले जाते की नाही हे पाहणे आणि जखमांची काळजी घेणे ही कामे गावातील कार्यकर्तीकडे आली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावानेच निवडलेली स्त्री रुग्णाच्या घरी बसू लागली, त्याची जखम बांधू लागली. त्यामुळे बहिष्काराची धार बोथट झाली. हात वापरता येणे आणि त्या हाताचे काम इतरांनी स्वीकारणे, या दोन्ही गोष्टी साधल्याशिवाय पुनर्वसन पूर्ण होत नाही.

प्रकल्पाच्या कार्यशाळेत जयपूर फूट व कॅलिपर तयार होऊ लागले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी विकसित केलेला हा पाय घालून उकिडवे बसता येते, बूट न घालता चालता येते आणि चिखलातही काम करता येते. पाश्चात्त्य बनावटीचा पाय खुर्ची, बूट व सपाट रस्ता गृहीत धरतो. हा पाय शेत आणि चूल गृहीत धरतो. रुग्णाच्या प्रत्यक्ष जीवनापासून साधनाची रचना ठरवण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

मर्यादा आणि धोरण :

तथापि जामखेडच्या कार्यकर्तीने व्यवसायोपचारतज्ज्ञाची जागा घेतली, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. वाकड्या बोटांसाठी योग्य मापाची खपची बनवणे, पक्षाघातानंतर कृतींचा चढता क्रम ठरवणे, मेंदूच्या पक्षाघाताने बाधित बालकाला बसण्यास व खाण्यास शिकवणे यांसाठी शास्त्रीय प्रशिक्षण लागते. कार्यकर्तीजवळ सातत्य आणि विश्वास होता. तज्ज्ञाजवळ कौशल्य होते. ही दोन्ही एकाच व्यवस्थेत आणणे हे धोरणाचे काम होते.

१९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेत आरोग्यसंवर्धन, प्रतिबंध आणि उपचार यांच्याबरोबरच पुनर्वसनाचाही स्पष्ट उल्लेख केला होता. प्रत्यक्षात पहिल्या तीन अंगांसाठी पदे निर्माण झाली. चौथे अंग कागदावर राहिले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नेहमीच्या कर्मचारीवर्गात व्यवसायोपचारतज्ज्ञाला स्थान मिळाले नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या आशा योजनेत गावातील स्त्रीकडे आरोग्यसेवा सोपवण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. परंतु तिच्या कामाचा भर माता-बाल आरोग्यावर राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस कुष्ठरोगाचे राष्ट्रीय पातळीवर सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. त्यामुळे आजाराकडील लक्ष कमी झाले. आधीच अपंगत्व आलेल्यांचे हातपाय मात्र तसेच राहिले. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले आणि २०२१ च्या कायद्याने व्यवसायोपचारासह संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली. हक्क आणि व्यवसाय दोन्हींना कायद्याचा आधार मिळाला; त्यांची गाठ गावपातळीवर पडणे अद्याप शिल्लक आहे.

समारोप :

महाराष्ट्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन महत्त्वाच्या परंपरा निर्माण केल्या. मुंबईत १९५० साली व्यवसायोपचाराचे शास्त्र रुजले, तर जामखेडला १९७० साली लोकाधिष्ठित आरोग्यसेवेची पद्धत रुजली. दोन्हींचे उद्दिष्ट माणसाला त्याच्या कामात पुन्हा उभे करणे हेच होते. तरीही त्या बहुतांशी समांतर वाहत राहिल्या. आयुर्मान वाढत असताना पक्षाघात, वार्धक्य व अपघात यांमुळे येणारे परावलंबन खेड्यांतही वाढणार आहे. अशा वेळी तालुकापातळीवर व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि गावपातळीवर प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ती अशी जोड देणे हे जामखेडच्या अनुभवाचे स्वाभाविक पुढचे पाऊल ठरते. संलग्न आरोग्यशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाचा काही काळ रुग्णालयाबाहेर, रुग्णाच्या अंगणात व बांधावर व्यतीत होईल अशी योजना केल्यास या जोडणीची सुरुवात शिक्षणक्षेत्रातूनच होऊ शकेल.