रिकाम्या खोक्याचा धनी कोण?

वस्तू घेतली, खोके रिकामे झाले. आता ते कोणाचे? नगरपालिकेचे, असेच आपण म्हणू. जर्मनीने १९९१ साली हे उत्तर बदलले. क्लाउस ट्यॉप्फर हे पर्यावरणमंत्री असताना निघालेल्या वेष्टन-अध्यादेशाने वेष्टन परत घेण्याचा भार उत्पादक व विक्रेत्यांवर टाकला. प्रत्येकाने आपापली खोकी गोळा करणे अशक्यच. म्हणून उद्योगांनी सामाईक यंत्रणा उभारली. तिला शुल्क द्यायचे आणि वेष्टनावर हिरवा ठिपका छापायचा. (ठिपका म्हणजे पुनर्वापरातून बनलेली वस्तू, असा समज आढळतो. ती केवळ शुल्क भरल्याची खूण होती.)

गोम इथेच आहे. कचरा उचलणारी गाडी पैसे कोणी भरले हे पाहत नाही. लोकांनी पिवळ्या पिशव्या भरभरून दिल्या, शुल्क मात्र पुरेसे येईना; १९९३ साली यंत्रणा दिवाळखोरीच्या दारात पोचली.

पुढे ऑनलाइन विक्री वाढली. दूरदेशीच्या लहान विक्रेत्याला गाठायचे कसे? २०१९च्या कायद्याने ‘लुसिड’ ही नोंदवही आणली. नोंद आणि शुल्क दोन्ही सक्तीचे, अगदी एका पुडक्यालाही. खोक्यातले कागदी भरणही त्यात धरायचे. पुण्याहून थेट जर्मन ग्राहकाला माल पाठवणाराही यातून सुटत नाही. ही वही कोणीही चाळू शकतो, प्रतिस्पर्धीसुद्धा! आम्हाला ही युक्ती दंडापेक्षा मोलाची वाटते. तरीही चुकवणारे उरलेच. म्हणून जुलै २०२२पासून नोंद नसलेल्यांचा माल विकू देण्यास ऑनलाइन बाजारपेठांनाच मनाई झाली.