न धुतलेल्या हातांची गोडी

नांदगाव पेठला नागपूर महामार्गाच्या कडेला चहा प्यायला थांबलं की "एक फिक्की दे बाप्पा" अशी मागणी हल्ली हमखास कानावर पडते. काहून, असं कोणी विचारत नाही. 'शुगर आहे' एवढं सगळ्यांना कळतं. मग शर्टाच्या खिशातून बोटभर प्लास्टिकची डबी निघते, वरचं बटण दाबलं की मोहरीएवढी गोळी कपात पडते आणि फिक्की चाय गोड होते.

ही गोळी औषधाच्या दुकानात मिळते, म्हणून ती औषधाच्या घराण्यातली वाटते. तसं नाही. तिच्या पूर्वजांपैकी एकाचाही जन्म मधुमेह्याच्या काळजीतून झालेला नाही. भलत्याच कामात गुंतलेल्या, हात न धुतलेल्या किंवा भोळेपणाने पदार्थ चाखणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांच्या जिभेवर हे कूळ वाढलं.

मूळपुरुष सॅकरीन, आणि तो आला कोळशातून. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतलं १,३५० मेगावॅटचं वीज केंद्र कोळसा जाळतं आणि मागे राख उरते. तोच दगडी कोळसा हवेविना तापवला तर डांबर गळतं, आणि १९व्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांनी या डांबरातून रंग, औषधं, अत्तरं असं काय काय काढलं. कॉन्स्टंटिन फालबर्ग हा त्यांपैकीच एक. गंमत म्हणजे त्याला बाल्टिमोरला बोलावलं होतं ते एका आयातदाराच्या साखरेची शुद्धता तपासायला. ते काम आटोपल्यावर तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसेनच्या प्रयोगशाळेत डांबराच्या संयुगांवर प्रयोग करू लागला. १८७९ साली एका रात्री जेवताना त्याला पाव गोड लागला, ओठ पुसले तर रुमाल गोड, अंगठा चाटला तर तोही गोड. जेवण टाकून तो प्रयोगशाळेत पळाला आणि टेबलावरची भांडी एकेक करून चाखत सुटला. त्यांतल्या एखाद्यात विष असतं तर ही कुळकथा तिथेच संपली असती! पुढे पेटंट घेताना त्याने रेमसेनचं नाव गाळलं; रेमसेनने ते शेवटपर्यंत विसरलं नाही.

साखरेच्या सुमारे ३०० पट गोड आणि रक्तातली साखर न वाढवणारा हा पदार्थ मधुमेह्यांना काही वर्षांतच दिला जाऊ लागला. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं ते १९२२ च्या जानेवारीत, टोरांटोत. त्याआधी पथ्य म्हणजे जवळपास उपासमारच होती. अशा ताटात एवढीशी गोडीही मोठा दिलासा असणार. आपल्याकडे मात्र सॅकरीनची ओळख झाली ती बर्फाच्या गोळ्यातून आणि सुगंधी सुपारीतून, स्वस्तात गोड करणारा लबाड म्हणून. १९७० च्या दशकात उंदरांच्या मूत्राशयात कर्करोग दिसल्याने ते आणखी बदनाम झालं. ती प्रक्रिया उंदरांपुरतीच असल्याचं कळल्यावर २००० साली अमेरिकेने त्यावरची इशाऱ्याची पट्टी काढली.

मधली पिढी झटपट सांगतो. सायक्लामेट १९३७ चं, तापावरच्या औषधाच्या शोधात सिगारेटीला लागलेलं. ॲस्पार्टेम १९६५ चं, अल्सरच्या औषधावर काम करणाऱ्या जेम्स श्लाटरने कागद उचलायला बोट चाटलं तेव्हा सापडलेलं. ते उकळत्या चहात फार वेळ टिकत नाही, म्हणून पातेल्यात न घालता कपात घालायचं.

या कुळात एक नाव मात्र मराठी वाचकाला थांबवतं: शशिकांत फडणीस. १९७६ साली हा भारतीय विद्यार्थी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ या प्राध्यापकांकडे संशोधन करत होता. पाठबळ होतं टेट अँड लाइल या बड्या साखर कंपनीचं. साखरेचे खाण्यापलीकडचे उपयोग शोधायचे होते. साखरेच्या रेणूवर क्लोरीन चढवलेली भुकटी तयार झाली. प्राध्यापक म्हणाले 'टेस्ट' कर, म्हणजे तपास. फडणीसांना ऐकू आलं 'टेस्ट' कर, म्हणजे चाखून बघ. (मराठीत दोन्ही शब्द एकसारखेच लिहावे लागतात, लंडनच्या कानांना दोष कशाला द्या!) त्यांनी चमच्याच्या टोकावर चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली. पुढे हफसाहेबांनी ती आपल्या कॉफीतही टाकली आणि यात क्लोरीन आहे हा फडणीसांचा इशारा हसण्यावारी नेला, असं सांगतात. यातूनच पुढे आलं सुक्रालोज: साखरेच्या ६०० पट गोड, उकळलं तरी टिकणारं. साखर कंपनीच्या पैशातून साखरेचा दायाद निपजला.

आता प्रश्न असा की हे दत्तक नातं मधुमेह्याला कितपत उपयोगी पडतं? चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने १७९ भारतीय मधुमेह्यांवर १२ आठवडे हेच तपासलं. काहींच्या चहाकॉफीतली साखर काढून सुक्रालोज दिलं. वजन आणि कंबर थोडी उतरली, पण रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मला यात नवल वाटत नाही. गोळी साखर उतरवत नाही. फक्त ती दोन चमचे भर घालत नाही. बाकीचं ताट तसंच राहतं. पुरणात गुळाऐवजी सुक्रालोज घातलं तरी डाळ आणि कणीक रक्तात जायची तेवढी जातेच. 'शुगर फ्री' पेढ्यातल्या खव्यात दुधाची साखर असते, आणि खजुराच्या बर्फीवर ती चिठ्ठी लावणं म्हणजे निव्वळ थट्टा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवायला हे पदार्थ वापरू नका असं सुचवलं, पण आधीच मधुमेह असलेल्यांना त्या शिफारशीतून वगळलं. म्हणजे फिक्की चाय जात नसेल तर एखादी गोळी चालेल.

एका वेळी मात्र ती मुळीच चालत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखं औषध घेणाऱ्याची साखर कधी ७० च्या खाली जाते, दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. घरचे घाबरून नेहमीच्या सवयीने हीच गोळी टाकून चहा पाजतात. जीभ गोड होते, रक्त तसंच राहतं. तेव्हा पाण्यात ढवळलेली तीन चमचे खरी साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज लागतं, आणि १५ मिनिटांनी पुन्हा बोट टोचून आकडा पाहायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच न घालता थेट दवाखाना गाठायचा.