शस्त्रापूर्वीचे तास

इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी यांच्या स्तनावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये, कर्करोगाच्या निदानावरून, शस्त्रक्रिया झाली. ईथरची भूल प्रचारात यायला अजून ३५ वर्षे होती. धास्ती वाढू नये म्हणून डॉक्टरांनी दिवस आधी कळवलाच नाही. त्याच सकाळी चिठ्ठी आली. पुढे एका शल्यविशारदाला उशीर झाला, आणि दयेपोटी टाळू पाहिलेली प्रतीक्षा वाट्याला आलीच. मांडून ठेवलेल्या पट्ट्यांचे, स्पंजांचे ढीग पाहून बर्नी दिवाणखान्यात येरझारा घालत राहिल्या, मन बधिर होईपर्यंत. बहीण एस्थरला त्यांनी हे सारे कळवले. वैद्यकाच्या इतिहासात ते पत्र वेदनेचा दस्तऐवज ठरले. मला ते भीतीचे अधिक वाटते. बर्नी १८४० पर्यंत जगल्या. पत्र पुरे व्हायला मात्र कित्येक महिने लागले, आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.