दुहेरी क्लचची कुळकथा



‘दुहेरी क्लच’ हा विषय मी व्याख्यानमालेच्या चालकांना कळवला, तेव्हा त्यांच्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हसून विचारले, “म्हणजे एस.टी.चे ड्रायव्हर मारीत असत तो डबल क्लच का हो?” प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. माझे मामा एस.टी.त ड्रायव्हर होते. घाटात गाडी चढू लागली की ते क्लच दाबून गिअर मोकळा करीत, क्लच सोडून इंजिनाला थोडा जोर देत, आणि पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकीत. जुन्या गिअरबॉक्समध्ये दोन चाकांचे दाते एकमेकांत बसायचे तर दोघांची गती जुळली पाहिजे, आणि ती जुळवायला ड्रायव्हरच्या कानाखेरीज दुसरे साधन नव्हते. निजामाच्या राज्यात १९३२ साली सरकारी बसवाहतूक सुरू झाली ती सत्तावीस गाड्यांनिशी. त्या गाड्यांचे ड्रायव्हरही हाच कान घेऊन बसत असणार. कान चुकला की गिअरबॉक्स असा काही ओरडे की मागच्या बाकावरची झोपलेली मंडळीसुद्धा जागी होत.

आज ज्या क्लचबद्दल बोलायचे तो मात्र निराळा. तेथे ड्रायव्हर क्लच दोनदा दाबीत नाही. गाडीतच क्लच दोन असतात, आणि दाबायला पायाखाली एकही नसतो. जगातील अतिवेगवान गाड्यांनी गेली वीस-पंचवीस वर्षे हेच यंत्र शिरोधार्य मानले. मी इंजिनिअर नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यातील तेलकट मॅन्युअले आणि एक फाटका शब्दकोश यांच्यावर झाले. तेव्हा चूकभूल देणे घेणे.

यंत्राची कल्पना कारखान्यात काम केलेल्या माणसाला चटकन कळावी अशी आहे. साध्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना इंजिन आणि चाके यांची क्षणभर फारकत होते. त्या क्षणी गाडीला ओढ नसते. पाळी बदलताना पहिल्या पाळीचा माणूस निघून गेला आणि दुसऱ्या पाळीचा अजून फाटकातच आहे, तसा तो प्रकार. आता समजा, दुसऱ्या पाळीचा माणूस आधीच येऊन यंत्रापाशी उभा आहे. पहिला हात काढतो त्याच क्षणी हा हात घालतो. पट्टा थांबतच नाही. दुहेरी क्लच म्हणजे ही व्यवस्था. एक, तीन, पाच हे विषम गिअर एका शाफ्टवर, त्यांचा एक क्लच. दोन, चार, सहा हे सम गिअर दुसऱ्या शाफ्टवर, त्यांचा दुसरा. एक शाफ्ट पोकळ, दुसरा त्याच्या पोटातून गेलेला. गाडी तिसऱ्यात धावत असते तेव्हा चौथा आधीच जोडून तयार असतो; फक्त एक क्लच सुटायचा आणि दुसरा धरायचा. डोळ्याचे पाते लवायच्या आत काम होते.

ही युक्ती सुचली कोणाला? अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाला. त्याचे चरित्र एखाद्या कादंबरीला शोभावे असे आहे. तरुणपणी तो रशियात गेला आणि झार निकोलस दुसरा याच्या मोटारखान्याचा प्रमुख झाला. बर्फात झारच्या गाड्या रुतत, म्हणून त्याने मागच्या चाकांच्या जागी रबरी पट्टे बसवले. १९१७ ची क्रांती झाली, झार गेला, आणि केग्रेस मायदेशी परतला. सिट्रोएन कंपनीने त्याचे पट्टे उचलले. त्या गाड्यांनी १९२२-२३ च्या हिवाळ्यात सहारा ओलांडले. १९३१ साली तशाच दोन गाड्या श्रीनगरहून बुरझिल खिंडीतून गिलगिटपर्यंत गेल्या. वाट खचलेली असेल तेथे हमालांनी त्यांचे भाग सुटे करून वाहून नेले. इतिहासात नाव राहिले ते गाडीचे. हमालांची नावे कोणी लिहून ठेवली असतील तर मला ती वाचायला आवडतील.

याच केग्रेसने १९३९ च्या सुमारास दोन क्लचांच्या गिअरबॉक्सचा आराखडा केला. सिट्रोएनच्या त्या काळच्या गाजलेल्या गाडीत तो बसवावा असा त्याचा बेत होता. पण युद्ध आले, पैसा आटला, आणि १९४३ साली केग्रेस वारला. त्याच १९३९ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइलने तेलाच्या दाबावर चालणारा संपूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला. जग त्या वाटेने गेले. दोन क्लचांची कल्पना बरोबर होती, पण पुढचा गिअर कोणता लागणार हे आधी ओळखायला डोके लागते, आणि त्या काळी गाडीत डोके एकच होते, ड्रायव्हरचे.

हे दुसरे डोके १९८० नंतर आले. पोर्शे कंपनीने आपल्या ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत संगणकाच्या हुकमावर चालणारे दोन क्लच बसवले. यंत्र जड होते, मोडतही असे. तरी १९८६ साली मोंझा येथील शर्यत त्याने जिंकली. ऑडीने त्याच सुमारास आपल्या रॅलीच्या गाडीवर तो प्रयोग केला. मग पुन्हा पंधरा-सोळा वर्षांची शांतता. २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर ३२ या विकायच्या गाडीत ते आणले, आणि त्यानंतर जणू बांधच फुटला. २००५ मध्ये १००१ अश्वशक्तीची, ताशी चारशे किलोमीटरच्या पुढे जाणारी बुगाटी वेरॉन सात गिअर आणि दोन क्लच घेऊन उतरली. निसान, पोर्शे ९११, फेरारी, मॅक्लारेन, लॅम्बॉर्गिनी अशी रांगच लागली. २००९ च्या फेरारी ४५८ मध्ये तर तिसरे पायपट्ट आणि हाताचा दांडा मागूनही मिळेना.

यात आपल्या गावाचा संबंध कोठे येतो? जालना रोडने शेंद्र्याला जा. स्कोडाच्या कारखान्याने २००१ साली येथे गाड्या जोडायला आरंभ केला. दोन क्लचांच्या ज्या गाड्या या देशात पहिल्याप्रथम रस्त्यावर आल्या, त्यांतील लॉरा आणि सुपर्ब या येथल्याच. पुढे ऑडी ए ४ आणि क्यू ५ येथे जोडल्या गेल्या, स्कोडा कोडिॲकही. २०१० च्या ऑक्टोबरात या शहराने एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या, आणि साऱ्या देशाने बोटे तोंडात घातली. पण त्याच रस्त्यावर शेंद्र्याचा कामगार रोज सकाळी सात गिअरांचे यंत्र उचलून चौकटीत बसवीत होता, याचे कोणाला नवल वाटले नाही.

मात्र फुशारकी मारण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ते गिअरबॉक्स युरोपातून खोक्यांत बंद होऊन येत. येथे बोल्ट कसले जात. दाते कापणे, पोलादाला पाणी देणे, क्लचच्या चकत्या घासून सारख्या करणे, हे खरे कसब समुद्रापलीकडे राहिले. आणि वेगाची जी खरी गाडी, ती ऑक्टेव्हिया आर.एस., २०२० मध्ये २०० आणि २०२५ मध्ये १०० अशी अख्खीच बाहेरून आली.

कसब पाहायचे तर उलट दिशेला, वाळूजला जावे लागते. बजाजचा कारखाना तेथे १९८५ मध्ये आला, आणि त्याच्या सावलीत सुट्या भागांचे कारखाने वाढले. एंड्युरन्सही त्याच वर्षीचा. दुचाकींचे क्लच तो करतो, आणि २०२० मध्ये त्याने इटलीतील ॲडलर ही क्लचचीच कंपनी विकत घेतली. मोटारसायकलच्या क्लचमध्ये तेलात बुडालेल्या चकत्यांची चवड असते. वेरॉनच्या क्लचमध्येही तेलात बुडालेल्या चकत्यांचीच चवड आहे. मोठी, महागडी, पण जात एक.

हे मी ऐकीव सांगत नाही. वाळूजच्या एका लहान कारखान्यात, नाव सांगत नाही, मी अकरा वर्षे चकत्यांच्या खात्यात होतो. अस्तर चिकटवताना भट्टीची आच थोडी कमी पडली की चकती दिसायला निर्दोष, पण सहा महिन्यांत सुटणार, हे आमच्यातल्या जुन्या माणसाला नुसत्या वासावरून कळे. एके वर्षी मालकांनी ते काम बाहेर दिले. वासावर चूक ओळखणाऱ्या त्या माणसाला हिशेब चुकता करताना ‘अकुशल’ असे लिहून दिले होते. तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला, आणि त्या दिवसापासून मी युनियनच्या कामात पडलो.

दुहेरी क्लचही निर्दोष नव्हता. कोरड्या चकत्यांचा जो स्वस्त प्रकार २००८ मध्ये निघाला, तो गर्दीत तापे. क्रांती चौकात संध्याकाळी गाडी मुंगीच्या पावलाने सरकते तेव्हा क्लच अर्धवट धरून घासत राहतो. तेल नसल्यामुळे उष्णता जायला वाट नाही. चीनमध्ये २०१३ साली या गिअरबॉक्सच्या पायी फोक्सवॅगनला सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. बी.एम.डब्ल्यू.ने तर २०१७ च्या आपल्या एम ५ या वेगवान गाडीतून दोन क्लच काढून पुन्हा तेलाच्या दाबाचा जुना प्रकार घेतला. तो तोवर इतका चपळ झाला होता की फरक कळेना.

आणखी एक गंमत. पोर्शेने २०१३ च्या ९११ जी.टी. ३ मध्ये हाताचा गिअर बंद केला. गिऱ्हाईक नाराज झाले. २०१६ मध्ये हाताच्या गिअरची ९११ आर नावाची गाडी फक्त ९९१ नगांत काढली, तर तिला मूळ किमतीहून कितीतरी जास्त बोली लागली. जे काम यंत्र अधिक वेगाने करते ते स्वतःच्या हाताने करता यावे, म्हणून श्रीमंत माणूस वाटेल तेवढे पैसे मोजतो. हाताच्या कामाची किंमत त्यालाही कळते तर. पगाराच्या बोलण्यांत ती एवढी अवघड का होते कोण जाणे.

आता पुढे काय? विजेची मोटर शून्य गतीपासून पुरा जोर देते आणि मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे सहज घेते. तिला गिअरांची उतरंड लागत नाही. गती उतरवणारी दातेरी चाके तेवढी पुरतात. टेस्लाने पहिल्या गाडीसाठी दोन गिअर करून पाहिले, ते टिकेनात, म्हणून एकावरच भागवले. पोर्शेच्या टायकानमध्ये २०१९ साली मागच्या चाकांना दोन गिअर दिले, पण तो अपवादच. फेरारीने त्याच वर्षीच्या एस.एफ. ९० मध्ये दोन क्लच ठेवले आणि मागे जाण्याचा गिअर काढून टाकला; मागे न्यायला विजेच्या मोटरी आहेत. बुगाटीची २०२४ ची तूरबियाँ आणि लॅम्बॉर्गिनीची तेमेरारियो यांच्यात आठ गिअर आहेत, सोबत विजेच्या मोटरीही. माझा अंदाज असा की अतिमहाग गाडीत दोन क्लच आणखी बरीच वर्षे टिकतील, एखाद्या सुंदर घड्याळासारखे. साध्या गाडीत ते आधी जातील. आणि वाळूजचा मजूर अतिमहाग गाडीचे भाग करीत नाही.

पैठण रोडला बिडकीन येथे जमिनी आखल्या गेल्या आहेत. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे २०,००० कोटींच्या कारखान्याचा करार राज्य शासनाशी केला. विजेच्या आणि मिश्र इंधनाच्या गाड्यांचा हा बेत. एथर ही विजेच्या स्कूटरची कंपनीही तेथेच येण्याचे ठरले. त्या स्कूटरला क्लचच नाही. वाळूजच्या सभेत एका पोराने मला विचारले, “भाऊ, गिअर गेला तर आम्ही कापायचं काय?” मी त्याला खोटा धीर दिला नाही. गती उतरवायला दातेरी चाके विजेच्या गाडीतही लागतात, आणि ती अधिक बारीक मोजमापाची लागतात, कारण इंजिनाचा आवाज नसल्यामुळे दात्याची किंचित कुरकुरही आतल्या माणसाला ऐकू येते. पण लागतात ती थोडी. जेथे चाकांच्या पाच-सहा जोड्या तेथे एक-दोन. पूर्वी जेवढी माणसे तेवढी आता नकोत.

युनियनच्या कचेरीत आम्ही रविवारी सकाळी वर्ग सुरू केला आहे. टेबलावर एका बाजूला भंगारातून आणलेला गिअरबॉक्स उघडून ठेवला आहे, दुसऱ्या बाजूला विजेची मोटर. पहिल्या रविवारी अकराजण आले. त्यात चकत्यांच्या खात्यातला माझा तो जुना सोबती होता. त्याने मोटरीच्या गुंडाळ्या हातात घेतल्या, नाकाशी नेल्या, आणि म्हणाला, “वार्निश कच्चं राहिलंय.” शिकवायला आलेल्या तरुण इंजिनिअरने मीटर लावून पाहिले. वार्निश कच्चेच होते.