ब्रह्मगिरीची फेरी

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी कुशावर्तावर स्नान करून, ब्रह्मगिरीला उजव्या हाताला ठेवीत, जो यात्रिक त्र्यंबकेश्वराच्या वेशीबाहेर पडतो, त्याच्या पायांखाली महाराष्ट्राच्या इतिहासाचे जितके थर येतात तितके एका दिवसाच्या पायपिटीत अन्यत्र क्वचितच येत असतील. सुमारे 20 किलोमीटरांची ही वाट जेथून निघते तेथेच परत येते. लोक तिला नुसते ‘फेरी’ म्हणतात. आणि ज्यांच्या पायांत बळ व मनात निश्चय आहे ते हरिहर गडालाही पोटात घेणारी, सुमारे 40 किलोमीटरांची मोठी फेरी पत्करतात. देवळाचा इतिहास देवळाच्या आश्रयदात्यांबरोबर सांगितला जातो, गडाचा इतिहास बखरींत आणि सरकारी दप्तरांत उतरला आहे. परंतु या दोहोंना वेढणाऱ्या वाटेचा इतिहास मात्र तिच्यावरून चालणाऱ्यांच्या स्वाधीन राहिला.

या वाटेचे स्वरूप मुळात डोंगराच्या घडणीने ठरविले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 1295 मीटर उंच असलेला ब्रह्मगिरी हा लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या आडव्या थरांचा बनला असून, कठीण थरांचे तुटलेले कडे आणि मऊ थरांचे उतार असा त्याचा क्रम आहे. सरळ डोंगर ओलांडून पलीकडे जाण्याची सोय त्या कड्यांनी ठेवलेलीच नाही. म्हणून पायथ्याच्या गावांना एकमेकांकडे जायचे तर वळसा घालणे अपरिहार्य होते. प्रयागतीर्थ, पेगलवाडी, पहिने, धाडोशी, सापगाव अशी ही वाट भाताच्या खाचरांतून, नागली-वरईच्या उतारांवरून आणि श्रावणात दुथडी वाहणाऱ्या ओहोळांतून जाते. यात्रेकरूंची वाट आणि गावकऱ्याची रोजची वाट येथे एकच झाल्यामुळेच ती वर्षातून एका सोमवारपुरती न उरता बारमाही जिवंत राहिली, असे मानण्यास जागा आहे.

तिचे पावित्र्य मात्र पाण्यामुळे आहे. गौतम ऋषींनी गोहत्येच्या पातकातून मुक्त होण्यासाठी तप केले, शंकराने प्रसन्न होऊन गंगा ब्रह्मगिरीवर उतरविली, आणि वारंवार गुप्त होणाऱ्या त्या प्रवाहाला ऋषींनी कुशाच्या काडीने वेढा घालून जेथे अडविले ते कुशावर्त, ही कथा त्र्यंबकातील प्रत्येक क्षेत्रोपाध्याय आजही सांगतो. पुराणाची भाषा बाजूला ठेवून पाहिले तरी जे दिसते ते विस्मयकारक आहे. हा डोंगर जलविभाजक असून, गोदावरी येथून पूर्वेकडे निघते ती 1465 किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते, तर थोड्याच अंतरावर उगम पावलेली वैतरणा पश्चिमेला वळून अरबी समुद्र गाठते. फेरी करणारा मनुष्य एका दिवसात या दोन्ही समुद्रांच्या पाणलोटांतून चालून येतो. गौतमाच्या कथेने ज्या जागेला महत्त्व दिले ती जागा भूगोलाच्या दृष्टीनेही तितकीच महत्त्वाची निघावी, यात आपल्या पूर्वजांच्या निरीक्षणाची साक्ष आहे.

वारकरी संप्रदायाच्या स्मृतीत तर ही प्रदक्षिणा मूळपीठासारखी आहे. विठ्ठलपंत आपल्या मुलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, सर्वांची पांगापांग झाली, आणि वाट चुकलेले निवृत्तिनाथ ज्या गुहेत शिरले तेथे गहिनीनाथांनी त्यांना उपदेश केला, असे परंपरा सांगते. निवृत्तिनाथांनी तो उपदेश ज्ञानदेवांना दिला. म्हणजे नाथपंथाची धारा वारकऱ्यांच्या भक्तीला जेथे मिळाली ते स्थळ या फेरीच्या वाटेवरचे होय. पुढे निवृत्तिनाथांनी समाधीही त्र्यंबकासच घेतली, आणि पौष वद्य एकादशीस तेथे भरणारी यात्रा आजही हजारो वारकऱ्यांना याच डोंगराच्या पायथ्याशी आणते.

यात्रिकांच्या डोक्यावर मात्र शतकानुशतके राजसत्तेचे पहारे होते, कारण ब्रह्मगिरीचा माथा म्हणजेच त्र्यंबकगड. नाशिकहून आंबोलीमार्गे मोखाडा-जव्हारकडे उतरणाऱ्या रस्त्यावर नजर ठेवणारा हा किल्ला यादवांपासून निजामशाहीपर्यंत अनेकांच्या अंमलाखाली गेला; 1670 साली मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला, 1689 साली मातबरखानाने तो मोगलांसाठी घेतला, आणि 1818 च्या एप्रिलात इंग्रजांच्या कर्नल मॅकडॉवेलच्या तोफांपुढे पेशव्यांच्या शिबंदीने तो खाली केला. त्यानंतर थोड्याच काळात पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्या पक्षाच्या काही लोकांनी गोदावरीच्या उगमाला जाणाऱ्या यात्रेकरूंचा वेश घेऊन गडात शिरण्याचा व तो परत घेण्याचा यत्न केला. तो फसला, परंतु यात्रेकरूचा वेश त्यांना उपयोगी वाटला यावरून, गडावरचे निशाण बदलले तरी पायथ्याच्या व उगमाच्या वाटा भाविकांसाठी खुल्या ठेवणे नव्या अंमलदारांनाही भाग होते, हे उघड होते. 1857 च्या डिसेंबरात त्र्यंबकच्या खजिन्यावर छापा पडला तो याच डोंगरवाटा जन्मापासून जाणणाऱ्या भिल्ल व ठाकरांचा.

गडाच्या बंदोबस्तासाठी कड्याखालच्या सपाटीवर पहाऱ्याची मेटे बसविण्याची जुनी पद्धत होती. किल्लेदार गेले, सबनीस-कारखानीस गेले, तटबंदी ढासळली. पण सुपलीची मेट, महादरवाजा मेट, विनायकखिंड, जांबाची वाडी या वस्त्या आजही ब्रह्मगिरीच्या अंगावर आहेत, आणि त्यांचे मौजे सरकारी कागदांत मेटघर किल्ला म्हणून नोंदले आहे. पायथ्याला नानासाहेब पेशव्यांनी 1755 साली आरंभिलेले आणि 31 वर्षांनी, 1786 साली पूर्ण झालेले काळ्या पाषाणाचे देवालय राज्याच्या वैभवाची खूण म्हणून उभे आहे. मेटांवरची ही कुडाची घरे त्याच राज्याच्या श्रमाची खूण आहेत. फेरीची वाट या दोहोंच्या मधून जाते, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने ती एकदा तरी पायी चालावी.

आज या वाटेचा पुष्कळ भाग डांबरी झाला आहे, श्रावणी सोमवारी लाखोंचा समुदाय लोटतो, आणि त्यामागे प्लॅस्टिकचा खच ओढ्यांत उरतो. 2021 साली डोंगराच्या पायथ्याशी यंत्रांनी खोदकाम चालल्याचे उघडकीस आले आणि नाशिकच्या पर्यावरणप्रेमींना त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. या डोंगराचे पाणी त्याच्या थरांत मुरते आणि झऱ्यांनी बाहेर येते. थर फोडले तर झरे आटतात, उतार सुटले तर मेटांवरच्या घरांवर दरड येते. खाली वैतरणेवरची धरणे मुंबईच्या नळांना पाणी देतात आणि गोदावरी मराठवाड्याच्या शेतीला. तेव्हा ब्रह्मगिरीची काळजी ही एकट्या त्र्यंबकच्या रहिवाशांची बाब राहत नाही.

प्रदक्षिणा म्हणजे एखाद्या वस्तूला मध्ये ठेवून तिची मर्यादा आपल्या पावलांनी मान्य करणे होय. ज्या डोंगराला आपण उजवे घालतो त्याला कुदळ लावू नये, त्याच्या ओढ्यांत कचरा टाकू नये, आणि त्याच्या अंगावर राहणाऱ्या माणसांना पाण्यासाठी वणवण करावी लागू नये, एवढी जबाबदारी प्रत्येक यात्रिकाने कुशावर्तावरच्या संकल्पात जोडून घ्यावी. शासनानेही फेरीच्या आतला सारा डोंगर खोदकामाला कायमचा बंद करावा. ज्या वाटेने इतकी राज्ये येताना व जाताना पाहिली तिच्यासाठी हे मागणे अवास्तव नाही.