जात चोरणे

'जात चोरणे' हा मराठीतील एक वाक्प्रचार आहे. अपमान, नकार किंवा हिंसा टाळण्यासाठी आपली जात लपवणे अथवा दुसरीच सांगणे, असा त्याचा अर्थ होतो. दैनंदिन सामाजिक व्यवहारातील असत्याचा हा एक वेगळा प्रकार आहे. सामान्यतः खोटे बोलणारा दुसऱ्याच्या हक्काचे काही मिळवू पाहतो. जात चोरणारा मात्र इतरांना सहज मिळणारी गोष्ट, उदाहरणार्थ भाड्याची खोली, पिण्याचे पाणी किंवा पंगतीतील जागा, आपल्याला नाकारली जाऊ नये म्हणून खोटे बोलतो. त्यामुळे अशा असत्याची जबाबदारी केवळ बोलणाऱ्याची की ते बोलणे भाग पाडणाऱ्या समाजाचीही, हा प्रश्न या संकल्पनेच्या केंद्रस्थानी आहे.

शब्दार्थ व स्वरूप

या वाक्प्रचारात 'चोरणे' हे क्रियापद 'नजर चोरणे', 'अंग चोरणे' यांप्रमाणे लपवणे वा आखडून घेणे या अर्थाने आले आहे. व्यवहारात जातीची विचारणा बहुधा थेट होत नाही. पूर्ण नाव, मूळ गाव, कुलदैवत, राहण्याची वस्ती असे प्रश्न एकामागून एक विचारून अंदाज बांधला जातो. त्यांना दिली जाणारी उत्तरेही तीन प्रकारची असतात : मौन, संदिग्ध उत्तर आणि स्पष्ट असत्य. केवळ पहिले नाव सांगणे, घरातील तसबिरी दर्शनी भागात न लावणे, चारचौघांत 'जय भीम' म्हणण्याचे टाळणे हे मौनाचे प्रकार होत. यांत एकही खोटे वाक्य उच्चारले जात नाही. तरीही ऐकणाऱ्याचा गैरसमज कायम राहावा, हा हेतू असतो.

आंबेडकरांचा बडोद्यातील अनुभव

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये परदेशातील शिक्षणानंतर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. हिंदू खाणावळीत प्रवेश मिळणार नाही, हे जाणून ते एका पारशी वसतिगृहात उतरले. ते पारशी नाहीत, हे तेथील व्यवस्थापकाला माहीत होते. तरीही नोंदवहीत पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर त्यांना जागा मिळाली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना जाब विचारून संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. शहरात अन्यत्र आसरा न मिळाल्याने ते मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदवला आहे.

मराठी साहित्यात

बाबूराव बागूल (१९३०–२००८) यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहामुळे हा वाक्प्रचार साहित्यचर्चेत रूढ झाला. त्यातील शीर्षककथेत रेल्वेत नोकरीस लागलेला तरुण राहण्यास जागा मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघड होताच त्याला मारहाण होते.

नागपूरच्या संस्कृत अभ्यासक कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट' (१९८१) या पुस्तकात याची दुसरी बाजू मांडली आहे. संस्कृतमध्ये उच्च शिक्षण घेऊनही सोमकुवर या माहेरच्या आडनावाने न मिळालेली प्राध्यापकाची नोकरी आंतरजातीय विवाहानंतर पावडे या आडनावाने मिळाली, असे त्या नोंदवतात. येथे काहीही लपवलेले नव्हते. मात्र बदललेल्या आडनावाने जे साधले, ते गुणवत्तेने साधले नव्हते.

नागपूरचे धर्मांतर आणि सत्यवचन

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे, आज दीक्षाभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण केले आणि त्यानंतर आपल्या लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. पंचशीलातील चौथे शील असत्य भाषणापासून दूर राहण्याचे आहे. बावीस प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची स्वतंत्र प्रतिज्ञा आहे. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सम्यक् वाणीचे विवेचन करताना, सत्य बोलणे हे भीतीचे किंवा मेहेरबानीचे फळ असू नये, असे आंबेडकरांनी प्रतिपादिले आहे. जात चोरण्यामागे नेमकी भीतीच असते. या दृष्टीने पाहता, जातीचा त्याग आणि असत्याचा त्याग या एकाच समारंभात घेतलेल्या प्रतिज्ञा परस्परपूरक ठरतात.

धर्मांतरानंतर 'मी बौद्ध आहे' हे खरे उत्तर उपलब्ध झाले. मात्र विचारणारा त्यातून अनेकदा जातच शोधतो. शिवाय, केंद्रीय यादीनुसार बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या कायदादुरुस्तीपर्यंत नव्हता. त्यामुळे कागदोपत्री धर्म 'बौद्ध' लिहावा, की सवलतींसाठी जुनी नोंद कायम ठेवावी, असा पेच अनेक कुटुंबांपुढे होता.

नीतिविचार

महाभारतात कर्ण विद्येसाठी परशुरामाला आपण ब्राह्मण असल्याचे सांगतो आणि सत्य उघड झाल्यावर शापित होतो. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबाल आपले गोत्र माहीत नसल्याचे प्रांजळपणे सांगतो आणि गुरू त्याचा स्वीकार करतात. दोघांनाही विद्याच हवी होती. सत्यकामाचे सत्य फळास आले, याचे श्रेय त्याच्या धैर्याइतकेच गुरूच्या न्यायबुद्धीलाही जाते.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९७ मधील निबंधात, मित्राचा जीव वाचवण्यासाठीही खोटे बोलण्याचा हक्क नाही, अशी भूमिका घेतली. याउलट मत असे, की ज्याला एखादी माहिती विचारण्याचा नैतिक अधिकारच नाही, त्याच्यापासून ती राखून ठेवणे म्हणजे फसवणूक नव्हे. मात्र मौन आणि स्पष्ट असत्य यांतील फरक हे मतही पुसून टाकत नाही. लपवणाऱ्याला सतत सावध राहावे लागते, नातेवाइकांशी अंतर ठेवावे लागते आणि मुलांनाही तेच शिकवावे लागते; ही किंमत दोन्ही प्रकारांत चुकवावी लागते.

कायदेशीर बाजू

संविधानाच्या अनुच्छेद १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. राजपत्रात प्रसिद्धी देऊन आडनाव बदलणे वैध आहे. सवलतींसाठी खोटे जातप्रमाणपत्र मिळवणे ही याहून सर्वस्वी भिन्न बाब असून, महाराष्ट्रात २००१ पासून अमलात असलेल्या जातप्रमाणपत्रविषयक कायद्याने तो दंडनीय अपराध आहे. पहिल्या प्रकारात वंचना टाळण्यासाठी जात लपवली जाते. दुसऱ्यात इतरांच्या वाट्याचा लाभ घेण्यासाठी ती बनावट सांगितली जाते.

अन्य समाजांत

अमेरिकेत उजळ वर्णाच्या कृष्णवर्णीय व्यक्तींनी गोरे म्हणून वावरण्याला 'पासिंग' म्हणतात. नेला लार्सन यांची त्याच नावाची कादंबरी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात पत्रकार यशिका दत्त यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कमिंग आउट ॲज दलित' या इंग्रजी पुस्तकात अनेक वर्षे जात लपवल्याचा आणि पुढे ती जाहीर केल्याचा अनुभव मांडला आहे.